जिप्सीचा स्टीअरिंग बॉक्स: बदलण्याआधी तो का गेला, हे शोधण्याची गोष्ट

गाडी मारुती जिप्सी, १९९८ची, १.३ लिटर इंजिनाची. मालक पाटण तालुक्यातले शेतकरी. आठवड्याला कराडचा बाजार, महिन्या-दोन महिन्यांनी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि एरवी शेताच्या कच्च्या वाटा असा तिचा वापर. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी नीट करून घेतलेलं, चेसिस भक्कम, इंजिन ठणठणीत. गाडी आमच्याकडे आली ती ‘स्टीअरिंग बॉक्स बदलून द्या’ अशा सरळ मागणीसह. (स्टीअरिंग बॉक्स म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी दात्यांची पेटी.) त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालेलं होतं आणि दोन्हीकडे हाच सल्ला मिळाला होता. सल्ला चुकीचा नव्हता. पण तेवढंच केलं असतं, तर नवा बॉक्सही त्याच वाटेने गेला असता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

तक्रारी दोन होत्या आणि वरवर पाहता एकमेकींना छेद देणाऱ्या होत्या. मालकांच्याच शब्दांत: “सरळ रस्त्याला स्टीअरिंग नुसतं हालतंय, गाडीला कळतच न्हाई. आन् घाटात डावीकडं वळलं की मधीच धरतंय, सोडलं तर माघारी येत न्हाई.” म्हणजे एकाच बॉक्समध्ये ढिलेपणाही आणि अडकणंही. झिजलेला बॉक्स ढिला होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ढिला झालेला बॉक्स एका ठरावीक जागी धरतो कशामुळे? त्यातही फक्त डावीकडे जाताना? प्रकरणाची किल्ली या प्रश्नात होती.

जिप्सीला बॉल नट पद्धतीचा बॉक्स असतो. स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाला आटे पाडलेला वर्म, त्यावर एक जाडजूड नट, आणि वर्म व नट यांच्यामध्ये पोलादी छर्रे. वर्म फिरला की छर्रे आट्यांतून घरंगळत जातात, नट पुढेमागे सरकतो आणि छर्रे बारीक नळीतून परत सुरुवातीला येतात. नटाच्या एका बाजूला दाते असतात. ते सेक्टर शाफ्टच्या, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या, दात्यांत बसतात आणि सेक्टर शाफ्ट फिरला की त्याच्या खालच्या टोकाचा हात, म्हणजे ड्रॉप आर्म, हलतो. तिथून ड्रॅग लिंक आणि टाय रॉड हे जोडदांडे, आणि मग चाकं.

आता यातली मुद्द्याची गोष्ट. नटाचे आणि सेक्टरचे दाते सगळीकडे सारखे घट्ट बसत नाहीत. ते मुद्दाम असे कापलेले असतात की बॉक्स बरोबर मध्यावर असताना दाते किंचित घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना जरासे सैल होतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून सरळ स्थितीत प्ले, म्हणजे चाकं न हलता स्टीअरिंग नुसतंच हलण्याचा ढिलेपणा, नको. वळणात चाकांवर ताण असल्यामुळे थोडा सैलपणा हाताला जाणवतही नाही आणि उलट स्टीअरिंग माघारी यायला मदत होते. या मधल्या घट्ट जागेला आम्ही गॅरेजात ‘मधला टाईट’ म्हणतो. बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू आणि त्यावर चेकनट असतो. तो स्क्रू आवळला की सेक्टर शाफ्ट नटाकडे दाबला जातो आणि दाते एकमेकांत आणखी खोल बसतात. प्ले दिसला की पाना-स्क्रू ड्रायव्हर थेट या स्क्रूवर जातो, कारण पाच मिनिटांत गिऱ्हाइकाला फरक दाखवता येतो. जुन्या बॉक्सची जितकी मरणं मी पाहिली आहेत, त्यांतली बरीच या पाच मिनिटांत सुरू झालेली होती.

आम्ही बॉक्सला हात लावण्याआधी बाकीची साखळी तपासली. प्ले बॉक्समध्येच आहे असं धरून चाललं की टाय रॉडचा खडखडाट बॉक्सच्या नावावर जमा होतो. गाडी जमिनीवर, चाकं सरळ, टायरमध्ये हवा बरोबर. एकाने आत बसून स्टीअरिंग हलकेच डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची. सांध्याच्या दोन्ही भागांवर एकाच वेळी बोट ठेवलं की दोन्ही बरोबर हलतात की एक आधी आणि एक मागून, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. टाय रॉडची टोकं चांगली होती. ड्रॅग लिंकही चांगली, खरं तर बाकीच्या सांगाड्याच्या मानाने फारच नवी. डाव्या चाकाच्या किंगपिन बेअरिंगमध्ये (चाक वळताना ज्या खुंटीभोवती फिरतं तिथल्या) थोडा सैलपणा होता, तो शिम, म्हणजे मधली पातळ चकती, काढून बसवता येण्यासारखा. चाकांची बेअरिंगं ठीक. बॉक्स चेसिसला जिथे बसतो तिथली माती तारेच्या ब्रशने काढून पाहिली. जुन्या जिप्सीत तिथे तडा नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तडा नव्हता, बोल्टही घट्ट होते. स्टीअरिंगच्या दांड्यावरच्या रबर कपलिंगला भेगा होत्या, पण ते अजून हलत नव्हतं.

स्टीअरिंगच्या कडेवर पट्टी धरून मोजलं तर प्ले साठ मिलिमीटरच्या आसपास. या गाडीला दहा ते तीस मिलिमीटर चालतो. आणि त्या साठांतला मोठा हिस्सा बॉक्सच्या आतच जात होता: वरून येणारा दांडा फिरत होता आणि ड्रॉप आर्म स्वस्थ होता. शिवाय ड्रॉप आर्म हाताने वर-खाली हलवला की सेक्टर शाफ्टही त्याच्याबरोबर डुलत होता. म्हणजे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलेला. त्याच्याखाली तेलाचा जुना ओघळ, म्हणजे सीलही गेलेलं.

इथपर्यंत सगळं ‘बॉक्स बदला’ या बाजूचं. डावीकडे धरण्याचं कारण अजून सापडलं नव्हतं.

त्यासाठी ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवली. आता बॉक्सवर चाकांचा भार नाही, बॉक्स एकटाच. गाडी सरळ चालताना स्टीअरिंग जिथे असतं तिथे कडेवर चिकटपट्टीची खूण केली आणि तिथून डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत हळू फिरवून फेऱ्या मोजल्या. (शेवटाला स्टीअरिंग आपटू नये. चाकं जोडलेली असताना अ‍ॅक्सलवरचे स्टॉपर आधी लागतात, पण बॉक्स एकटा असताना नट थेट टोकाला जाऊन धडकतो आणि छर्ऱ्यांची नळी चेपू शकते.) दोन्हीकडच्या फेऱ्या सारख्या यायला हव्यात. इथे उजवीकडे डावीकडच्यापेक्षा अर्धी फेरी कमी भरली. म्हणजे बॉक्सचा खरा मध्य गाडीच्या सरळ स्थितीपासून पाव फेरी डावीकडे सरकलेला होता. आणि स्टीअरिंग डावीकडे बरोबर त्या पाव फेरीवर नेलं की बोटांना अडथळा लागत होता.

तिथे दोन्ही तक्रारी एकाच धाग्यात आल्या. ही गाडी सरळ धावायची तेव्हा बॉक्स आपल्या मध्यावर नसायचाच. तो बाजूच्या, मुद्दाम सैल ठेवलेल्या भागात काम करत होता. बॉक्स धडधाकट असता तरी सरळ रस्त्यावर प्ले जाणवलाच असता. तो घालवायला कुणीतरी स्क्रू आवळला. सैल भागातला प्ले स्क्रूने मारायचा म्हणजे मधल्या घट्ट भागावर बेसुमार दाब येणार, आणि तो मध्य आता डाव्या वळणात येत होता. म्हणून डावीकडे धरायचं. अ‍ॅक्सलच्या कलामुळे, म्हणजे कॅस्टरमुळे, चाकं स्वतःहून सरळ व्हायला बघत होती, पण तो आवळलेला भाग त्यांना वाटेत अडवत होता.

मालकांना विचारलं तेव्हा इतिहास मिळाला. काही वर्षांपूर्वी ओढ्यातल्या दगडावर आदळून ड्रॅग लिंक वाकली होती आणि घाईत ती बदलली गेली. नवी लिंक लांबी न जुळवता बसली. गाडी सरळ चालायची, पण स्टीअरिंग वाकडं दिसायचं. मग स्टीअरिंगचं चाकच काढून स्प्लाइनवर (दांड्याच्या टोकाच्या खाचांवर) फिरवून सरळ बसवलं. डोळ्यांना सगळं नीट दिसायला लागलं आणि दोष कायमचा झाकला गेला. पुढे प्ले जाणवायला लागला तेव्हा दुसऱ्या कुणी स्क्रू आवळला, मग पुन्हा आवळला.

हे कळल्यावर बॉक्स वाचवता येतो का, हे पाहणं भाग होतं. स्क्रू सैल करून, बॉक्स खऱ्या मध्यावर नेऊन स्टीअरिंग अगदी हळू इकडेतिकडे केलं. चांगल्या बॉक्समध्ये स्क्रू थोडा सैल असला तरी मध्यातून जाताना हाताला एक बारीक चढ लागतो. इथे चढ नव्हताच. उलट मध्यावर सर्वात जास्त प्ले होता.

ड्रॉप आर्म पुलर लावून काढला. हातोडा मारून ड्रॉप आर्म काढणारे पुष्कळ आहेत. तो प्रत्येक घाव सेक्टरमार्फत दात्यांवर आणि छर्ऱ्यांवर उतरतो, हे त्यांना एकदा खोललेला बॉक्स दाखवून सांगावंसं वाटतं. बॉक्स टेबलावर घेऊन झाकण उघडलं तर आत तेल नव्हतं, ग्रीस होतं. सील गळतंय म्हणून तेलाऐवजी ग्रीस भरलेलं. ग्रीस गळत नाही हे खरं, पण छर्रे त्याला एकदा बाजूला ढकलतात आणि ते पुन्हा जागेवर वाहत येत नाही. वरचं बेअरिंग तर कोरडंच राहतं. त्यात कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस. फाटक्या सीलमधून पाणी आत गेलेलं होतं आणि ग्रीस तपकिरी, पाणचट झालेलं. रॉकेलने धुतल्यावर सेक्टरचा मधला दाता समोर आला: एका अंगाला उभे ओरखडे आणि कडेजवळ बारीक खड्डे, जिथे वरची कडक केलेली साल टवके उडून गेली होती. नख फिरवलं तर अडकत होतं. शेजारचे दोन्ही दाते मात्र जवळजवळ नव्यासारखे. वर्म उभा धरून नट बोटांनी सावकाश फिरवला तर मध्याशी येताना वाळू असल्यासारखी खरखर लागत होती. नट आणि वर्म आम्ही एकमेकांपासून वेगळे केले नाहीत. ते खोलायचे नसतात, जोडी म्हणूनच बदलायचे असतात.

आता पर्याय. बुश आणि सील बदलणं हे सर्वात स्वस्त काम, आणि दाते शाबूत असतील तर उत्तम काम. गनमेटलचा बुश बसवून रीमरने शाफ्टच्या मापाला आणला आणि चांगलं सील घातलं की असा बॉक्स पुढे वर्षानुवर्षं चालतो. इथे दाते आणि वर्म दोन्ही गेले होते, त्यामुळे बुश बदलून फक्त गळती थांबली असती. लेथवाल्याने दात्यावर वेल्डिंग भरून घासून देतो, असं सुचवलं. ते मी साफ नाकारलं. सेक्टरचे दाते कठीण केलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा भाग एक तर मऊ पडतो किंवा ठिसूळ होतो, आणि स्टीअरिंगचा दाता तुटतो तेव्हा आधी सांगून तुटत नाही. सेक्टर, ड्रॉप आर्म, टाय रॉड यांपैकी कशालाही वेल्डिंग नाही आणि गॅसची ज्योतही नाही. याबाबतीत गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालेल.

नवा बॉक्स शोधला. कंपनीचा अस्सल त्या वेळी लगेच हाती लागेना, आणि बाजारात जो ‘नवा’ म्हणून समोर आला त्याच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नावच नव्हतं. झाकण काढून सेक्टरच्या दात्याच्या टोकाला बारीक कानस हलकेच लावून पाहिली. कडक दात्यावरून कानस घसरते. इथे तिने धातू खरवडला. तो परत केला.

राहिला जुना पण चांगला बॉक्स. जिप्सी लष्कर आणि पोलीस या दोघांकडे मोठ्या संख्येने होती, त्यामुळे लिलावात निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग फिरत असतात. मालकांचा मुलगा मुंबईत असतो. त्याने कुर्ल्याहून एक बॉक्स पाठवला. हातात घेतला तर एकदम घट्ट, प्ले शून्य. दुकानदाराने त्याला तसाच फिरवून दाखवला होता. असा बॉक्स घेताना तपासायची रीत एकच: चेकनट सोडून स्क्रू अर्धा आटा सैल करायचा, टोकापासून टोकापर्यंत फेऱ्या मोजून निम्म्यावर यायचं आणि मधला चढ लागतो का ते बघायचं. चढ नसेल तर तो घट्टपणा नुसत्या स्क्रूचा असतो. इथे तसंच निघालं. दुसरा बॉक्स सांगलीकडच्या भंगारातून आला. बाहेरून गंजलेला, सील कोरडं पडलेलं, ड्रॉप आर्मच्या बाजूला चिखल. पण स्क्रू सैल केल्यावरही मध्यावर स्पष्ट चढ होता, आतलं तेल काळं असलं तरी तेलच होतं आणि त्यात चमकणारे कण नव्हते. हा घेतला. सगळं मिळून खर्च नव्या अस्सल बॉक्सच्या निम्म्याहूनही कमी झाला.

तो खोलून धुतला, नवा बुश आणि नवी सीलं घातली. सीलचा ओठ शाफ्टवर जिथे बसतो तिथे खाच नाही ना, हे बोटाने पाहिलं. जुन्या बॉक्सच्या शाफ्टवर अशी खाच होती, आणि तिच्यावर कितीही नवं सील घातलं तरी ते गळणारच. आमच्या पोराने विचारलं, “दादा, त्या बॉक्सचा सेक्टर ह्यात घालू का, त्याच्या स्प्लाइन चांगल्या आहेत.” नाही. नटाचे दाते आणि सेक्टरचे दाते एकमेकांवर चालून एकमेकांना बसलेले असतात, ती जोडी मोडायची नाही.

बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी बॉक्स टेबलावरच मध्यावर आणून वरच्या दांड्यावर आणि आवरणावर रंगाची खूण केली. मग चेसिसला लावला, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. कपलिंग जोडताना खूण हलू दिली नाही. पुढची चाकं दोरी लावून सरळ केली, ड्रॉप आर्म त्याच्या खुणेवर बसवला, आणि मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवली. लिंकची आधीची लांबी सव्वा-दीड सेंटीमीटरने चुकलेली होती. एवढ्याशा फरकाने एक बॉक्स गेला. शेवटी स्टीअरिंगचं चाक काढून त्याच्या मूळ जागी बसवलं. नियम असा की बॉक्स मध्यावर, चाकं सरळ, आणि मग स्टीअरिंग वाकडं दिसलं तर ते ड्रॅग लिंकवर सरळ करायचं. वरचं चाक काढून फिरवायचं नाही, ते मूळच्या खुणेवरच राहू द्यायचं.

स्क्रूची जुळवणी ड्रॅग लिंक जोडण्याआधी केली. बॉक्स मध्यावर ठेवून प्ले जेमतेम संपेपर्यंत आवळायचा आणि तिथे थांबायचं. चेकनट घट्ट करताना स्क्रू पान्याबरोबर फिरतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवायचा आणि नंतर पुन्हा तपासायचं. मध्यावर हलका विरोध, दोन्ही बाजूंना मोकळं. टोकापर्यंत कुठेही धरलं तर स्क्रू जास्त झाला. आत नव्वद नंबरचं गिअर ऑइल, भरण्याच्या भोकापर्यंत. ड्रॅग लिंकच्या नटांना नव्या खिळपिना घातल्या. खाच भोकासमोर आली नाही तर नट थोडा आणखी आवळून जुळवायचा, कधीही सैल करून नाही. किंगपिनचा शिमही याच वेळी काढला. टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असतात ते माप, मोजून घेतलं. कॅम्बर-कॅस्टर हे कलाचे कोन या सलग अ‍ॅक्सलला जुळवता येत नाहीत, त्यामुळे ‘फोर व्हील अलाइनमेंट’चं मोठं बिल देण्याचं कारण नव्हतं.

जमिनीवर उतरवून मोजलं तेव्हा कडेवरचा प्ले वीस मिलिमीटरच्या आत आला. चाचणीसाठी मालकांनाच बरोबर घेऊन उंब्रजकडे महामार्गावर गेलो आणि मग उलटं फिरून पाटणच्या वळणांच्या रस्त्याला. डाव्या वळणात हात सैल सोडला तर स्टीअरिंग आपणहून सरळ येत होतं. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते चालवत राहिले. मग म्हणाले, “ही गाडी नवी घेतली तवा अशी हुती.”

थोडं चालल्यावर गाडी परत बोलावली. बॉक्सचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासले, एकाने किंचित घेतलं. तेलाची पातळी जशीच्या तशी, सीलखाली कोरडं. स्क्रूला हात लावावा लागला नाही. रबर कपलिंगच्या भेगा जरा वाढल्या आहेत. ते नवं मागवलं आहे, आणि ते घालताना बॉक्सची खूण पुन्हा मध्यावर जुळवून घ्यायची, हे गाडीच्या जॉब कार्डावर लिहून ठेवलं आहे. शेजारीच ड्रॅग लिंकची टोकापासून टोकापर्यंतची लांबीही लिहिली आहे, आणि मालकांनी ती गाडीच्या पुस्तकात उतरवून घेतली आहे. पुढच्या वेळी ती लिंक दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावात बदलली तरी माप हाताशी असेल.